दहा मिनिटं

"तेल काढलंस की दहा मिनिटांच्या आत नवं भर,"
बाद्री सांगून गेला होता,
पोलंडच्या बसमध्ये एक पाय ठेवून.
"या इंजिनचा पंप मानी आहे.
फार वेळ कोरडा राहिला, की तेल ओढायचंच विसरतो."
निरोप घेताना माणसं काय काय बोलतात.
हा हे बोलला.

मार्चमध्ये मी तेल काढलं,
अक्रोडाखाली, व्हॅन दोन फळ्यांवर चढवून.
काळी धार घमेल्यात पडत होती
आणि फोन वाजला.
त्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती.
त्यानं विचारलं, गाय व्याली का.
मी विचारलं, खोलीतला हीटर चालतो का.
मग नातियाचे दात, छपराचा पत्रा,
अम्ब्रोसीच्या कुत्र्यानं मारलेली कोंबडी.
मग दोघंही गप्प,
तरी फोन कुणी ठेवेना.
चाळीस मिनिटं.
धार केव्हाच थेंबांवर आली होती,
थेंबही आटले होते.

नवं तेल भरलं, किल्ली फिरवली.
डॅशबोर्डवर तो लाल दिवा असतो ना,
लांब चोचीचा, टोकाशी थेंब लोंबणारा,
आई संतांच्या तसबिरीपुढे लावायची तसाच.
आईचा दिवा तेल असेपर्यंत जळायचा.
हा तेल पोचलं नाही की जळतो.
जळत राहिला.
वरून खडखड सुरू झाली,
रडून घसा बसलेल्या माणसानं बोलावं तशी.
मी इंजिन बंद केलं.

तेल गेलं. पंपही गेला.
हाती आला तो दहा नंबरचा पाना.

अम्ब्रोसी कण्हत कण्हत खाली आडवा झाला.
बोल्ट मी सोडले; त्याला बॅटरी धरायची होती
आणि मत द्यायचं होतं.
तेलाची कढई खाली आली,
साखळी सैल झाली,
पंप माझ्या तळहातावर: मुठीएवढा,
एवढ्याशा जिवावर एन्गुरीचे सगळे चढ.
त्यानं झाकण उघडून नखानं आतल्या रेघा दाखवल्या.
गाळणीत बारीक चमचम, माशाच्या खवल्यांसारखी.
"हा आधीच खंगला होता, त्सिरा.
तुमच्या बोलण्यानं फक्त उघडा पडला."
पंपाविषयीच बोलत होता तो.

नवा पंप तिबिलिसीहून आला, बसच्या ड्रायव्हरच्या मांडीवर.
तीन दिवस चीजच्या बादल्या शेजारच्या गाढवावरून उतरल्या,
गाढवाला तेल लागत नाही, हे गावानं मला सांगून झालं.
चौथ्या दिवशी मी कढईच्या कडेचा जुना काळा गोंद खरवडला,
पुसला, पुन्हा पुसला,
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.
त्याआधी पंपाच्या पोटात व्हॅसलीन भरलं,
नातियाच्या उललेल्या गालांची सगळी डबी.
विहिरीवरच्या हातपंपाला आधी तांब्याभर पाणी पाजावं लागतं,
तेव्हा कुठे तो पाणी देतो.
हाही त्याच जातीचा.
इंधनाचा फ्यूज काढून इंजिन नुसतंच घुमवलं,
थांबले. पुन्हा घुमवलं.
नातिया बाजूच्या सीटवर बसून दिव्यावर डोळा ठेवून होती.
"आई, गेला!"
मग फ्यूज बसवला, आणि व्हॅन
काही झालंच नाही अशा आवाजात सुरू झाली.

रविवारी त्याचा फोन.
"तेल बदललंस?"
"बदललं."
"दहा मिनिटांत?"
नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं.
"त्याच्या आसपास," मी म्हटलं,
आणि पाहिलं तर घड्याळाकडे पाहत होते.

आता पहाटे पाचला, झुग्दिदीच्या बाजाराला निघताना,
किल्ली फिरवते. दिवा पेटतो.
एक.
दोन.
तो विझेपर्यंत
मी गिअरला हात लावत नाही.